उघडा राहिलेला नळ

मंगळवार, मे. बेटावरून आज दुपारी परत आलो.

बॅगा तशाच पडल्यात. चार दिवस ह्यांनी त्या बेटावर विंडसर्फिंगसाठी चांगली जागा शोधली. एकीकडं लाटा फार, दुसरीकडं वारा पडलेला. शेवटी खाडीच्या तोंडाशी मनासारखा वारा मिळाला. हे शिडाच्या फळीवर कसेबसे उभे राहिले, पोरासारखे ओरडले, आणि मी टाळ्या वाजवतेय तोच शेजारच्या काकूंचा फोन.

"अगं, तुमच्या अंगणातला नळ उघडाच हाय! पाणी पार रस्त्यावर चाललंय, अन् गेटला कुलूप!"

आमच्या वसाहतीत आठवड्यातून एकदा पाणी. आधी नळातून नुसता वारा सुसाटतो. तो ऐकू यावा म्हणून नळ कायम उघडा. जातानाही तसाच राहिला. बंद करायचं सुचलंच कसं नाही? आमचा पाण्याचा वार मंगळवार; पाणी एक दिवस आधीच, कालच आलं, हे तरी कुणाला सांगू?

काकू दारातच भेटल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गल्लीतल्या शेवटच्या दोन घरांना थेंब नाय आला," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

आमचा ड्रमही कोरडाच. मी आधी नळ घट्ट बंद केला. मग वाटलं, आता पाणी आलेलं कळणार कसं?

मघाशी बाहेर पाहिलं. ह्यांनी नळ परत उघडलाय आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेत. पाणी यायला अजून सात दिवस आहेत.