वांग्यांचा रोवणा

माय,

ज्या सकाळी मी फावड्यानं तुझ्या भाजीच्या सांदवाडीतला धुरा, तो मातीचा बांध, फोडला आणि पाच दिवसांचं साचलेलं पाणी भसाभस बोडीच्या तळ्याकडे निघून गेलं, त्या सकाळी माझं सगळं बदललं. गावातले लोक म्हणतात, कॉलेज सोडलं तेव्हा हा पोरगा बदलला. ती म्हणेल, मारामारी केली त्या दिवशी. दोन्ही खोटं आहे. त्या दोन्ही दिवशी मी होतो तसाच होतो, डोकं गरम आणि कान बंद. घरामागच्या त्या चिखलात मात्र पहिल्यांदा मला कळलं की माझं चुकलं आहे, आणि दुसऱ्या कुणाचं नाही. कळलं फक्त. तोंडातून निघालं नाही. ते अजून निघायचं आहे, म्हणून तर सकाळपासून या वहीचं चौथं पान फाडून लिहीत बसलो आहे.

ती म्हणजे कोण, ते तुला सांगायला हवं. ती नदीपलीकडच्या कारध्याची. रोज पूल ओलांडून भंडाऱ्याला कॉलेजात यायची, माझ्याच वर्गात होती. तिच्याबद्दल लिहायला लागलो तर मूळ गोष्ट राहून जाईल, एवढंच सांगतो की ती हसायला लागली की आधी ओढणी तोंडावर धरते, आणि मला ते वर्षभरात एकदाही जुनं वाटलं नाही. दुसऱ्या वर्षात एक दिवस एक पोरगा तिला हसत हसत वही देताना दिसला. माझं डोकं सटकलं. त्याला मारलं, त्याच्या ओठातून रक्त आलं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, दोन ओळींचा माफीनामा लिही, विषय संपला. मी म्हणालो, मी चुकलोच नाही तर लिहू कायले? बॅग उचलली आणि निघालो. ती धावत बसस्टँडवर आली.

"वही माहीच होती. मीच त्याले वाचाले दिली होती," ती म्हणाली.

"मग हसून काहून देऊन राहिला होता?"

"मग काय रडून देईल?"

बस लागलेली. ती म्हणाली, "दोन ओळी लिहाले तुह्या हाताले काय झालं होतं? तू आजवर कोणाले 'माहं चुकलं' म्हटलं काय? एकाले तरी?" मी म्हणालो, तुला म्हणतो, आत्ता म्हणतो. तर म्हणाली, "मले नको म्हणू. मले तर तू काहीही म्हणशील. दुसऱ्या कोणाले म्हण, त्याच्या डोळ्यात पाहून. ज्या दिवशी म्हणशील त्या दिवशी फोन कर. तोवर नको करू." आणि ओढणी सावरत गेली. हसली नाही.

घरी आलो तेव्हा बाबा धानाच्या बांधीत, शेतातच होते, गुडघाभर चिखलात. "आला?" "आलो." "बरं झालं. रोवण्याले एक माणूस कमीच पडून राहिला होता." एवढंच. ना कॉलेजचं विचारलं, ना कपाळाला हात लावला. मी पँट वर खोचली आणि धानाची रोपं लावायला वाकलो. बारा दिवस वाकलेला होतो. रात्री पाठ इतकी दुखायची की तिची आठवणसुद्धा अर्ध्यात झोपून जायची. पण रोवणा संपला आणि हात रिकामे झाले. रिकामा हात मोबाईलकडे जातो, माय. दिवसातून पन्नास वेळा तिचा नंबर काढायचा, पाहायचा, ठेवायचा. एकदा तर लाखांदूरहून भंडाऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये बसलोही होतो, पुढच्याच थांब्यावर उतरून चालत परत आलो. त्याच चालीत मागच्या दारानं सांदवाडीत गेलो. तू गेल्यापासून तिथं गाजरगवत माजलं होतं, बेशरमीची झाडं कुडापर्यंत आली होती. मी विळा घेतला आणि कापत सुटलो. काय लावायचं, कसं लावायचं, काही ठरवलं नव्हतं. काहीतरी कापायचं होतं, बस्स.

जागा मोकळी झाल्यावर मात्र मनात आलं, इथं तुझी वांगी व्हायची. बाजारातून वांग्याची रोपं आणली आणि मी काय केलं, ऐक. धान सोडून मी आयुष्यात काय लावलं होतं? मी चारी बाजूंनी धुरा बांधला. मोटर लावून पाणी भरलं. पायानं तुडवून तुडवून लोण्यासारखा चिखल केला. मग दोरी धरून सरळ ओळीत, वीतवीतभर अंतरावर, अंगठ्यानं दाबत रोपं लावली. वर पुन्हा पाणी बांधलं, घोट्याइतकं. काम इतकं सुरेख झालं होतं की मी फोटो काढला. तिला पाठवायचा नव्हता म्हणून स्वतःच दहा वेळा पाहिला. बाबा दारातून एकदा बघून गेले. मला वाटलं, खूश झाले.

चौथ्या दिवशी पानं पिवळी. मी पाणी वाढवलं. पाचव्या दिवशी उजाडलं तर रोपं आडवी. मी सायकल काढली आणि सरळ लाखांदूरच्या बाजारात, रोपं विकणाऱ्या बाईच्या टोपल्यासमोर.

"मावशी, सडकी रोपं दिली तुम्ही! सगळी मेली!"

"कोणती रे बाबू? त्याच वाफ्यातली माह्या वाडीत कशी टरारून राहिली. लावली कशी तू?"

"कशी म्हणजे? चिखल केला, पाणी बांधलं, लावली."

ती शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेल्या सांभारवालीला हाक मारून म्हणाली, "आयकलं का वो बाई? या बाबूनं वांग्याचा रोवणा केला!" सांभारवाली हातातली जुडी टाकून हसायला लागली. "रोवण्याचे गाणे म्हनाले बाया सांगितल्या होत्या का रे? आता कापणी झाली का खळ्यात बैलं फिरवून चुरणा करजो, अन् आमाले पोतंभर वांगे आणून देजो!" सगळी ओळ हसली. मावशीनं हसत हसतच रोपांची एक जुडी पुढं केली, "घे, लावजो पुन्हा, उंचावर लावजो." मी घेतली नाही. माझे कान जळत होते. मी म्हणालो, रोपंच सडकी होती. आणि आलो निघून.

घरी आलो ते सरळ मागं. पाण्यात रोपं तरंगत होती, मुळं काळी, हात लावला तर बोटांना वास लागला. त्या वासानं तू आलीस. मी सात-आठ वर्षांचा असेन. तू बाहेरून येईस्तोवर वाडीला पाणी घालून तुला खूश करायचं म्हणून मी बादल्यांच्या बादल्या ओतलेल्या, वांग्याची झाडं निम्मी पाण्यात. तू आलीस, पदर खोचलास आणि माझ्या हातावर फाडकन मारलंस. "पाणी देऊन राहिला का बुडवून राहिला? वांग्याले पाणी दाखवाचं असते, पाजाचं नसते! तहान लागली त मूळ खाली जाते." मी रडत म्हणालो होतो, माझं काही चुकलं नाही, बादलीच मोठी होती. तेच, माय. रोपं सडकी होती, बादली मोठी होती, तो पोरगा हसत होता. मी उभा राहिलो तिथं, चपलेत चिखल शिरेपर्यंत. मग फावडं घेतलं आणि धुरा फोडला. दिवसातून चाळीस फोन मी तिला करायचो, ती नळावर असो की अभ्यासाला बसलेली असो, तेही आठवलं. पाणी मात्र पाच मिनिटांत निघून गेलं.

पुढच्या बाजारी मावशीकडे गेलो. चुकलं म्हणालो नाही, "रोपं द्या" एवढंच म्हणालो. तीही त्या दिवशी हसली नाही. "माती वर ओढून वरंबे कर, हातभर अंतर ठेव, अन् बोट खुपसून पाहाचं. बोटाले ओल लागली त पाणी द्याचं नाही." हे बोट खुपसणं माझ्यासारख्याला किती कठीण, तुला माहीत आहे. सकाळी खुपसायचं, ओल. दुपारी खुपसायचं, ओल. बादली भरलेली, मी बाजूला उभा, हात शिवशिवतात. तिचा नंबर आणि ती बादली, दोन्हीला मी सारख्याच नजरेनं बघायचो. कधी तर भरलेली बादली उचलून स्वतःच्याच डोक्यावर ओतून घेतली. बाबा म्हणाले, "येडा झाला का रे?" मी म्हणालो, गरमी होऊन राहिली. थंडी पडायला लागली होती.

पण झाडं धरली. दिवाळी झाली, फुलं आली, जांभळी, खाली मान घातलेली. धानाचा चुरणा उरकला आणि काल पहिली सहा वांगी तोडली. मीच भाजी केली. तेल जास्त झालं. बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "मऊ आहे वांगं. पण तुह्या मायच्या वांग्यावानी नाही." मग ताटातच बघत म्हणाले, "तिचं बी राहिलं असतं त गोष्ट वेगळी होती. माह्यानंच सांभाळनं झालं नाही. खिळा वीतभर वर ठोकला असता त उंदीर पोचला नसता."

मी ज्या खोलीत हे लिहितो आहे ती तुझी चुलीची खोली. आता गॅस पुढच्या खोलीत आहे, इथं फक्त धान्याच्या कोठ्या. पण भिंत अजून काळी आहे, आणि त्या भिंतीत दोन खिळे आहेत. खालच्यावर तुझं फडकं असायचं, राखेत घोळलेलं वांग्याचं बी, तुझ्या आईकडून आलेलं. वरचा खिळा बाबांनी तू गेल्यावर ठोकला. त्याच्यावर अकरा वर्षांत काहीही टांगलं गेलं नाही. आणि तेव्हापासून या घरात एक मांजर गेली की बाबा दुसरी आणतात. मी कधी विचारलं नाही, कायले.

उंदरांनी खाल्लं नाही, माय. मी फेकलं. तुझ्या तेरवीला सगळ्या मावश्या-आत्या ते फडकं उराशी धरून रडत होत्या, तिच्या हातचं बी, तिच्या हातचं बी. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि दवाखान्यात जायच्या दिवशी तू मला शेवटचं काय बोलली होतीस? "माह्या बियाले हात लावू नको." मला तुझा इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी ते फडकं सोडलं, बी बोडीत फेकलं, फडकं दातांनी फाडून खिळ्याखाली टाकलं. बाबांनी विचारलं, तर म्हणालो, उंदीर. ते एवढंच म्हणाले, "माहीच चूक." अकरा वर्षं माझं ते त्यांनी आपल्याच नावावर ठेवलं.

आज सकाळी त्यांनी एका वांग्याच्या देठाला लाल चिंधी बांधली, तोडू नये म्हणून. ते पिकून पिवळं होईल, मग त्याचं बी. आता तिथंच उन्हात खाट टाकून बसले आहेत, मांजर पायाशी. तू किराण्याची पुडी सोडलीस की कागद सरळ करून वाचायचीस, अर्धी बातमी असायची, उरलेली अर्धी स्वतः रचून मला सांगायचीस. या कागदाची मी बियाची पुडी करणार आहे. वाचलास तर अर्धंच सापडेल.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. मी बाहेर जाऊन सांगणार आहे ते सगळंच्या सगळं बाबांसाठी नाही. निम्मं तिच्या फोनसाठी आहे. "माहं चुकलं" हे शब्द मनात घोकताना माझा एक डोळा मोबाईलवरच आहे. म्हणून मोबाईल इथंच, कोठीवर ठेवतो आहे, उलटा. बाबा उठून निघाले तर पुन्हा धीर होणार नाही. चाललो. मागचं दार बाहेरून लावून घेतो.