चौथ्या कार्डावरचा भार

३ फेब्रुवारी
कॅल्गूर्लीच्या खाणगावात पोचलो. ऊन कडक, बिअर गार, नोकरी झकास. सोन्याच्या खाणीचे सगळे सर्व्हर आता माझ्या हाती. आधीच्या मर्विन हॅक नावाच्या म्हाताऱ्या खोडाने काय करून ठेवलंय! प्रत्येक सर्व्हरवर दहा-बारा आभासी यंत्रं, त्यांचा डेटा साठवणीपर्यंत न्यायला चार नेटवर्क कार्डं. वाहतूक मात्र तीनच कार्डांवरून. खाटेला चार पाय असून तीनवर झोपणारा माणूस! नियंत्रण कक्षातली नोरीन म्हणाली, मर्विनने बजावलंय, चौथ्याला शिवू नकोस राजा. मला हसू आवरेना.

४ फेब्रुवारी
चारही कार्डांवर भार सारखा वाटला. चाळीस मिनिटांचं काम, म्हाताऱ्याला अकरा वर्षं जमलं नाही. चौथ्यावर थोडी जादा वाहतूक दिसते. ती खालून, ६४० मीटर खोलीवरच्या बंद बोगद्यातल्या नेटवर्कच्या पेटीतून येते.

६ फेब्रुवारी
इथे खाली उतरणारा प्रत्येक जण फळ्यावर आपला बिल्ला लावतो, वर आला की काढतो. फळा रिकामा झाल्याशिवाय संध्याकाळी सहाचा सुरुंग उडत नाही. हल्ली हा फळा संगणकावर असतो. आज त्यावर एक नाव उरलं: के. ट्रेझीस, ६४०. पगारपत्रकात असा कोणी नाही, तरी सगळे हातावर हात धरून बसले. नोरीन म्हणे, रेडिओवर कोणीतरी थांबा म्हणतंय. मी म्हटलं, शिळी नोंद आणि रेडिओची खरखर. पुसलं, सुरुंग उडवला. मग लेखी सूचनाच लावली: ६४०वरचं कोणतंही नाव पुसावं, आवाजाकडे लक्ष देऊ नये. बावळटांना लिहूनच द्यावं लागतं.

९ फेब्रुवारी
मर्विन आला होता. म्हणाला, अकरा वर्षांपूर्वी केन ट्रेझीस खरंच खाली होता रे पोरा, मीच त्याचं नाव चुकीची नोंद म्हणून पुसलं. तेव्हापासून चौथ्या कार्डाचा रस्ता बंद ठेवला. मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घेत जा. रडत गेला. कसली माणसं भरतात इथे!

११ फेब्रुवारी
सगळी वाहतूक चौथ्यावरून. बाकी तीन कोरडी. पुन्हा वाटतो, पुन्हा तिकडेच जाते. भीती वाटते आहे. या गाढवांना सांगणार नाही, आयुष्यभर हसतील.

१२ फेब्रुवारी, ६४०
साडेतीनला बिल्ला लावला आणि खाणीत जाणाऱ्या गाडीने खाली आलो. कोणाला बोललो नाही. पेटीची वायर उपटली की संपलं.

पेटीत वायरच नाही.

५:२० — बोगद्याचं जाळीचं दार बंद. मी उघडं ठेवलं होतं. हलत नाही —

५:४० — रेडिओवर नोरीनला हाक मारली. तिला ऐकू गेलं. कोणाला तरी सांगत होती, पुन्हा तोच ६४०चा आवाज. आज फळ्यावर दोन नावं होती, न वाचताच दोन्ही पुसली —

५:४९ — माझं नाव ओरडून सांगितलं. पर्विस, संगणकवाला. ती म्हणाली, तो तर वर खोलीत असतो. मागून कोणीतरी म्हणालं, सूचना भिंतीवर आहे ना, मग वाच की बाई —

५:५६ — शेजारी कोणीतरी येऊन बसलंय. दिवा तिकडे वळवत नाही. म्हणतो, ओरडू नकोस, मीही खूप