अळणी अक्का

नांदेड, ९ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून विचारण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. शिल्पाचं बाळ जाऊन महिनाही झाला नाही, आणि माझ्या बाळंतीण लेकीला तू 'मिठाची खोली' पाठवतेस? तुझी ती कादंबरी वाचून तीस वर्षं लोक दिवा लावून झोपतात. घरात आधीच रडारड, त्यात भुताची भर! मी पुस्तक हिसकावूनच घेतलं.

मग स्वतः उघडलं. बहीण लेखिका म्हणून गावभर मिरवले, पण भित्री म्हणून आजवर वाचलं नव्हतं. एका बैठकीत वाचून काढलं. आपल्याकडे तान्हं बाळ पुरताना मातीत मीठ घालतात. कादंबरीतली बाई बाळामागोमाग मिठाचं पोतं गेलेलं बघते. जागा तिला कुणी सांगत नाही. तेव्हापासून ती मीठ तोंडात घेत नाही, नि घरभर जमीन उकरत फिरते. अक्का, तूही अळणी जेवतेस. आम्ही बीपी समजलो. मीच तुला 'अळणी अक्का' म्हणून चिडवलं गं! ते बाळ तुझं होतं का? मी तेव्हा शाळेत होते. तू आजारी आहेस एवढंच मला सांगितलं.

आणि आज शिल्पा म्हणाली, माझ्या वरणात मीठ घालू नको. पुस्तक तिनं उघडलंही नव्हतं. मला काही सुचत नाही. लगेच उत्तर पाठव.

तुझी घाबरलेली,
मंजू

लातूर, १४ ऑगस्ट

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

हो, माझंच. नाव ठेवायच्या आधी गेलं. बायकांनी मसणात जायचं नाही, म्हणून मी उंबऱ्याच्या आत. जागा विचारली की तुझे भाऊजी म्हणायचे, इसरून जा. सासऱ्यांना विचारायची सोय नव्हती. आता दोघंही नाहीत. समीक्षक विचारतात, एवढं भय सुचलं कुठून. कल्पनाशक्ती कसली डोंबलाची! रोज मिठाचा डबा उघडावा लागायचा, एवढंच.

चिडवल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. बाकी सगळे गप्प असायचे; तू चिडवलंस की बरं वाटायचं.

बाळ गेलं नि जागाही कळली नाही अशी ती एकटी नाही, हे शिल्पाला कळावं म्हणून पुस्तक पाठवलं. मिठाची बळजबरी करू नकोस. जावयांना जागा विचार आणि तिला घेऊन जा. मला जागा कळली असती ना, तर मी एक ओळही लिहिली नसती.

तुझी,
अक्का

नांदेड, २० ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न.

जाऊन आलो. बिलोलीला, जावयांच्या शेतात, बांधावरच्या लिंबाखाली. विहीणबाई उमादेवी म्हणाल्या, बायका तिथं जात न्हाईत. मी म्हणाले, आता जातात. जावयांनी पुढं होऊन जागा दाखवली आणि शिल्पाआधी तेच रडले. शिल्पानं मातीवर हात फिरवला, दगड नीट लावला. मग शेजारी आणखी एक दगड आणून ठेवला. मी दचकले. विचारलं तर म्हणाली, हा मावशीच्या बाळाचा. तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं होतं.

घरी आल्यावर वरणभाताचा घास घेतला नि म्हणाली, मीठ कमी आहे. अक्का, मी पदरात तोंड खुपसून रडले.

सोमवारी गाडी पाठवते. आधी बिलोली, मग जेवायला आमच्याकडे. ताटात पहिलं मीठच वाढतात, तेवढं वाढीन. खायचं की नाही ते तू ठरव.

लोभ आहेच, येताना तो सोबत आण.

तुझी,
मंजू