फोटो न उघडण्याची कारणं

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.४०

घटनाक्रम, घडला तसा:

१. काल दुपारी चार वाजता घरमालकीण प्रमोदिनीकाकूंच्या बैठकीत त्यांचा भाचा हृषीकेश याच्याशी चाळीस मिनिटं भेट. हेतू: लग्न. चहा दोनदा, पोहे एकदा.
२. तो सिंचन खात्यात आहे. घराणं झाँसीत सात पिढ्यांपासून. वाक्य मराठीत सुरू करतो, हिंदीत संपवतो. मध्ये कान लाल होतात.
३. निघताना मी त्याला सांगितलं, महत्त्वाचं काही असेल तर लेखी द्या. हा माझा सगळ्यांसाठी नियम आहे.
४. आज ६.५२ ला त्याच्याकडून एक फोटो आला. सोबत शब्द नाही.
५. फोटो उघडला नाही. 'डाउनलोड झालं नाही. पुन्हा प्रयत्न करा.'
६. केला. अकरा वेळा.

फोटोत मला रस नाही. दोषात आहे. चार वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगमध्ये काढली आहेत. शंभर टनांचं धूड कुठे आणि का तापतं ते सांगते, तर हा फोन किस झाड की पत्ती. उद्या सकाळपर्यंत निकाल.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८.३०

निकाल नाही. केलेली कामं: फोन बंद-चालू. वाय-फाय बंद, डेटा चालू. मग उलट. विमान मोड. कॅशे साफ. अ‍ॅप अपडेट.

फोटोची धूसर छबी दिसते. मोठी करून पाहिली. पांढरं काहीतरी, त्यावर आडव्या काळपट रेषा. अंदाज: भिंत. सिंचन खातं लक्षात घेता धरण असू शकेल.

नागपूरहून सिद्धार्थचा फोन. धाकटा भाऊ, म्हणून सल्ला मोफत. म्हणाला, "ताई, त्यालाच सांग ना परत पाठवायला." मी समजावलं, की ती दुरुस्ती नव्हे, पळवाट. शिवाय परत मागितलं की समोरच्याला वाटतं, आपण वाट पाहत होतो. तो म्हणाला, "मग पाहत नाहीयेस का?" मीटिंग होती म्हणून फोन ठेवला. (मीटिंग साडेअकराला आहे.)

संध्याकाळी ७.००

जिन्यात काकू भेटल्या. सहज विचारलं, तुमच्याकडे स्थळाला होकार-नकार कसा कळवतात. म्हणाल्या, "होकार बोलून. नकार बोलायची आमच्याकडे रीत नाही बेटा. आठ दिवस गप्प बसायचं. समझने वाले समझ जाते हैं. कुणाचं मन मोडत नाही, पुढे लग्नाकार्यात तोंडं चुकवावी लागत नाहीत."

उत्तम पद्धत. फॉर्म नाही, सही नाही. आमच्या ऑफिसने शिकण्यासारखी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ८.००

सुट्टी. काकूंच्या अंगणात तुळशीचं लग्न. हृषीकेशने अंतरपाट धरला होता. एक टोक सारखं खाली जात होतं.

संधी साधून पाठवणाऱ्याकडची माहिती गोळा केली. फोनचं मॉडेल कोणतं, अँड्रॉइड कितवं, घरी नेटवर्क कसं. त्याने तिन्हीची उत्तरं दिली. मग म्हणाला, "ऋचाजी, तो फोटो... तुम्ही पाहिला?" मी म्हटलं, त्यावर काम चालू आहे. खरंच होतं. तो म्हणाला, "हां हां, आराम से. कोई जल्दी नहीं." कान लाल. अक्षता तुळशीऐवजी काकूंच्या मांजरावर टाकल्या.

निष्कर्ष: दोष पाठवणाऱ्याकडे नाही.

त्याने निळा शर्ट घातला होता. नोंद केवळ पूर्णतेसाठी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.५०

इलाइट चौराह्यावरचं मोबाइलचं दुकान. दुसरं मत घेण्यात कमीपणा नसतो. दुकानदाराला चार दिवसांच्या चाचण्यांचा तक्ता दाखवला. त्याने तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "मैडम जी, भेजने वाले से दोबारा मँगवा लीजिए. दस सेकंड का काम है." मी म्हटलं, भैया, मुझे कारण चाहिए. तो म्हणाला, "आपको कारण चाहिए कि फोटो?"

तांत्रिक शिक्षणाचा अभाव. दुकान सोडलं.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १.१५

ठाम निर्णय. अर्धवट उपाय पुरे. पूर्ण फॅक्टरी रिसेट.

दुपारी ३.४०

रिसेट यशस्वी. फोन पहिल्या दिवसासारखा. सर्व चाचण्या उत्तीर्ण.

जुने मेसेज गेले. बॅकअप मी ठेवत नाही, खाजगी गोष्टी स्वतःजवळच बऱ्या. त्यामुळे फोटो गेला, धूसर छबीही गेली. संपर्कांचं सिंकही मी सुरक्षिततेसाठी बंद ठेवते. त्यामुळे नंबरही गेला.

दोष मात्र आता दिसत नाही. प्रगती म्हणायला हरकत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.०५

फोन उत्तम चालतो. काहीही येत नाही.

अंदाज होता, की तो आपणहून दुसरं काही पाठवेल आणि विषय मिटेल. दर वीस मिनिटांनी पाहिलं. हे वाट पाहणं नव्हे. दुरुस्तीनंतर यंत्र निरीक्षणाखाली ठेवतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १२.२०

मकरंद टेबलाशी आला. आमच्याच टेस्टिंगमधला. म्हणाला, "ऋचा, हे तुझं मेमरी कार्ड. गेल्या सोमवारपासून थर्मल कॅमेऱ्यातच राहिलं, सॉरी हं."

गेल्या सोमवारी कॅमेऱ्याचं कार्ड बिघडलं, तेव्हा मी माझ्या फोनमधलं काढून दिलं होतं. आलेले फोटो कार्डावरच उतरवायचे, अशी सेटिंग मीच केली होती. कार्ड नसेल तर फोटो उतरणार कुठे? कार्ड दिल्याची नोंद टेस्ट रजिस्टरमध्ये आहे. तारीख ३, वेळ ४.१५, अक्षर माझं.

म्हणजे रिसेट केला नसता, तर आज कार्ड घालताच फोटो उघडला असता.

मूळ कारण सापडलं. आनंद व्हायला हवा.

संध्याकाळी ७.३०

काकू डब्यात करंज्या घेऊन वर आल्या. चेहरा गोड, आवाज जरा जास्तच गोड. म्हणाल्या, "बरं झालं बेटा, तू आमची रीत पाळलीस. आठ दिवस काल भरले. आमची समजूत पटली. रविवारी ग्वाल्हेरचं स्थळ येतंय हृषीकेशसाठी."

मी म्हटलं, कसली रीत? मी काहीच पाळलं नाही.

त्या म्हणाल्या, "गप्प राहिलीस ना. एवढं लिहून पाठवलं त्याने, तू हूँ नाही की चूँ नाही."

मी म्हटलं, लिहून? फोटो होता तो. भिंतीचा.

काकूंनी डबा खाली ठेवला. "भिंत? अगं, चिठ्ठी होती! तूच म्हणालीस ना, लेखी द्या? फोनवर मराठी टाइप करता येत नाही म्हाताऱ्या घोड्याला. कागदावर लिहिली. तीन वेळा फाडली, चौथ्यांदा साफ लिहून फोटो काढला. माझ्याकडे येऊन एकेक शब्द विचारून गेला. तुळशीच्या लग्नात सांगत होता, मामी, ती म्हणाली त्यावर काम चालू आहे. किती खूश होता!"

आडव्या रेषा. वहीचं पान होतं.

काय लिहिलं होतं, ते काकूंनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "मी शब्द पाहिले, मजकूर नाही. त्याच्याशी बोल." मग दारात थांबून विचारलं, "बोलायचंय का तुला?"

मी म्हटलं, नंबर गेला आहे.

त्या म्हणाल्या, "हे काही उत्तर झालं नाही, पोरी."

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.३०

काकूंकडून नंबर घेता आला असता. पण ज्या यंत्रावर आठ दिवस अवलंबून राहिले, त्याच्यावर हा मजकूर सोपवणार नाही. कागदावर लिहिलं. पाच मसुदे फाडले. सहावा काकू आज सकाळी त्याच्या घरी नेऊन देतील. त्या चपला घालून खाली उभ्या आहेत आणि दर मिनिटाला हाक मारत आहेत. इथे नक्कल ठेवते:

हृषीकेशजी,

३ तारखेची आपली चिठ्ठी माझ्या फोनमध्ये उघडली नाही. आठ दिवस मी कारण शोधत होते. दोष माझ्याकडे होता. परत मागायला दहा सेकंद लागले असते, ते मी दिले नाहीत. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ नकार असा घेऊ नये. झाँसीची रीत मला ठाऊक होती, पण ती माझ्यावरच चालू आहे हे लक्षात आलं नाही.

मी वाट पाहत होते.

चिठ्ठी पुन्हा पाठवावी. कागदच पाठवलात तर बरं. ग्वाल्हेरची मंडळी रविवारी येणार असल्याचं कळलं. म्हणून शनिवार, १५ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यावं, ही विनंती.

ऋचा