तारेने बांधलेला दांडा

प्रिय दादा,

लाकूड फोडायच्या ज्या यंत्राने तुझी बोटं घेतली, ते बाबांनी विकलं. हात पात्याखाली जाऊ नये म्हणून त्याला दोन दांडे, दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय पातं हलत नाही. एक हात मोकळा राहावा म्हणून त्यांनी एक दांडा तारेने दाबून बांधला होता, तो तसाच ठेवून विकलं.

‘जसं आहे तसं घेतलं, पुढची जबाबदारी माझी’ हा कागद मी लिहिला. घेणाऱ्याने विचारलं, “ताई, तुम्ही शिकलेल्या. करू ना सही?”

“करा की,” मी म्हटलं.

काल त्याची बायको आली. त्याचा पंजा गेलाय. तिने तोच कागद पुढे केला. “एवढं वाचून दाखवा.” मी वाचला, शेवटपर्यंत.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, “पोरीला शिकवल्याचं चीज झालं.”

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तारेबद्दल कुठेही लेखी ठेवू नका, असं बाबांना मीच बजावलंय.

तुझी,
धाकटी