कच्चा मोती

१२ जून १९७९
डावा डोळा पहाटेपासून ठणकतोय. लालभडक. शेजारीण म्हणाली डोळे आले असतील, गुलाबपाणी घाला. घातलं. फरक शून्य.
या डोळ्यात दोन वर्षांपासून मोतीबिंदू. बाहुली पार पांढरी झालीय. मनमाडचे भावजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, जन्म रेल्वेत गेला पण डॉक्टरकी सगळ्यांना सांगतात. "वहिनी, मोती पिकू द्या. कच्चं फळ कुणी तोडतं का?" सगळेच असं म्हणतात. म्हणून पिकू दिला.
संध्याकाळी विहारात साक्षरतेचा वर्ग घेतलाच. नऊ बाया. कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या यशोदाचं जोडाक्षरांशी भांडण चालूच. पुढच्या आठवड्यात तिला वाक्यं द्यायची.

१४ जून
रात्रभर उलट्या. अर्धं डोकं फुटतंय. मुलाने, प्रकाशने, पहिली पाळी बुडवून मोठ्या दवाखान्यात नेलं. सातपूरच्या कारखान्यात हे चालत नाही, पगार कापतील.
डॉक्टर कोवळा. "आजी, इतके दिवस काय केलं?" म्हटलं, आजी नाही, निवृत्त मुख्याध्यापिका. मग बाई म्हणायला लागला. मोती पिकून पिकून झिरपतोय म्हणाला. डोळ्यातला दाब भलता वाढलाय. दाखल व्हा. डोळा वाचेल का विचारलं तर टॉर्च खिशात घातली आणि म्हणाला, बघू.

२५ जून
घरी. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. डाव्याला उजेड कळतो. कुणी हात हलवला तर सावली. यापुढे एवढंच. लिहून ठेवते, म्हणजे रोज रोज तपासून बघणार नाही.
रडले. एकदाच, मोरीत, नळ सोडून.

३ जुलै
तपासणी. आज डॉक्टरला सोडलं नाही. मोतीबिंदू म्हातारपणी कुणालाही होतो, मग माझाच डोळा का पेटला?
त्याने चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. डोळ्यातलं भिंग एका पातळ पिशवीत असतं. जन्माच्या आधीपासून बंद. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, त्यांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. वय झालं, मोती जास्त पिकला, की पिशवीतून पाणी झिरपतं. पहारेकऱ्यांना वाटतं कुणी परका घुसला. धावत येतात, ते पाणी गिळतात, फुगतात, आणि डोळ्याच्या मोरीत अडकतात. मोरी तुंबली की दाब.
म्हणजे डोळा माझा, भिंग माझं, पहारेकरी माझे. आणि तरी परका.
मला हे नवं नाही. पहिल्या नोकरीत शाळेत माझा पेला वेगळा असायचा, खिडकीत उपडा घातलेला. गाव माझं, शाळा माझी, पोरं माझी. पेला वेगळा. अकरा महिन्यांनी मी सगळ्यांसमोर माठात ओगराळं घालून प्याले. कुणी काही केलं नाही. नुसते बघत बसले.
डॉक्टर म्हणाला, पेशींचं चुकलं नाही, त्या बिचाऱ्या राखण करत होत्या. मला पटलं नाही. राखणदाराने आधी घरची माणसं ओळखायला शिकावं.
त्यांना गप्प बसवायचे थेंब दिलेत. फार दिवस घालायचे नाहीत म्हणे. खरा चोर आला तर ओरडायला कोण?

९ जुलै
उजव्यातही मोती आहेच. अर्धा. छापील अक्षर भिंग धरून लागतं, फळ्यावरचं माझंच मला लागत नाही. डॉक्टरचं मत, हा पिकायची वाट बघू नका. एका डोळ्यात भडका उडालाय, आता पहारेकरी त्या पाण्याला ओळखतात. दुसऱ्यात थेंब जरी सांडला तरी चवताळून येतील. पिशवी फुटू न देता, पिशवीसकट काढायचा. फुटली तर... म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला लागला.
म्हणजे हा गेला तर दोन्ही गेले.

१६ जुलै
काल भावजी आले. चहाबरोबर उपदेश. कच्चा मोती, त्यात पावसाळा, जखम चिघळते, थंडीत बघू. म्हटलं, पहिला तुमच्या सांगण्यावरून पिकवला, त्याचं काय झालं बघा. कप ठेवून उठले. राग आला असेल. येऊ दे.
मग प्रकाश. तो घाबरलाय, मला कळतं. पण बोलला ते बोललाच: "आई, या वयात आता काय बघायचं राहिलंय तुझं?"
जेवले नाही. उत्तर रात्री सुचलं, सकाळी त्याच्या डब्याशेजारी उभी राहून दिलं. म्हटलं, यशोदाची जोडाक्षरं राहिलीत.

६ ऑगस्ट
दवाखान्यातले मोठे डॉक्टरही थंडीत या म्हणाले. घाई काय? म्हटलं, मी पावसाळ्यात गळक्या छपराखाली शाळा भरवलीय, मला पावसाचं सांगू नका. आणि पिकलेल्याचं फळ एकदा मिळालंय. कोवळा डॉक्टर मागे उभा राहून चपलेकडे बघत होता. हसत असावा.
तारीख मिळाली.
प्रकाशने न सांगता पाळी बदलून घेतलीय. बरोबर येणार. भाजीत मीठ जास्त झालं होतं, दोघांनी मुकाट खाल्ली.

२६ ऑगस्ट
उद्या. अक्षर मोठं होत चाललंय, पानात सहा ओळी बसतात. भीती वाटते. वाटू दे.

२९ ऑगस्ट
(अक्षर यशोदाचं, शब्द माझे. ही वही मी कुणाच्या हाती दिली नव्हती. आता इलाज नाही.)
दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. डॉक्टर म्हणाला पिशवी अखंड निघाली. पण पहारेकरी कसे वागतात ते पट्टी उघडल्यावर कळेल. ठणका आहे, कालच्यापेक्षा कमी. की मीच तसं म्हणतेय. पट्टी उद्या.
यशोदा कँटीन सुटल्यावर आली. हाताला कणकेचा वास. हळू लिहिते, पण मला दुसरं काम काय आहे.

मी यशोदा. बाई आता सांगतात की उद्या नाही दिसलं तर वर्ग कुणाला द्यायचा. नाव पण सांगतात. ते मी लिहीत नाय. बाई विचारतात, लिहिलंस का गं.
मी व्हय म्हटलं.