झापडाखालची फट

बोईसर,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. आईने पाठवलेले सुके बोंबील पोचले. माझ्यासोबत खोलीत राहणारी हिना वासाच्या नावाने बोंबलते आणि वाटी मात्र पहिली तिचीच पुढे येते.

नोकरी बरी आहे, असं आईला सांगा. तुम्हाला खरं सांगते. कारखान्यातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून दर तासाला टाक्यांचं तापमान वहीत लिहायचं. दोन महिन्यांत एक आकडा हललेला नाही. हे काम आपला बोकाही करेल. रविवारची पाळी घेते म्हणून शनिवारी सुट्टी मिळते आणि गुजरातेत विमान शिकायला जाता येतं. पण तिथेही बाहेर बघायचं नाही. विमान ढगात शिरलं तर नुसत्या काट्यांवर चालवता यावं, म्हणून सध्या कपाळावर झापड बांधतात. समोरची यंत्रं तेवढी दिसतात. म्हणजे सातही दिवस मी कोंडलेलीच.

थांबा, अकराचे आकडे लिहून येते.

तेच आहेत.

विमान शिकवणारे सर म्हणतात, अंगाला काय वाटतं ते विसर, काट्यांवर विश्वास ठेव. मला ते जमत नाही. लहानपणी होडीत तुम्हीच डोळे मिटायला लावून विचारायचात, कुठे वळलो सांग. मी कधी चुकले नाही. मागच्या शनिवारी अंग सांगत होतं, विमान डावीकडे कललंय. काटे म्हणत होते, सरळ आहे. मी घाबरले आणि हनुवटी उचलून झापडाखालच्या फटीतून बाहेर पाहिलं. विमान सरळ होतं. सरांना कळलं नाही. त्यांनी शाबासकी दिली, परीक्षेची तारीख ठरवली, आणि मी ती शाबासकी हसून घेतली.

तेव्हापासून ती धुक्याची सकाळ डोक्यातून जात नाही. मीही होडीत होते, बाबा. मेहुलदादा होडीतल्या वाट दाखवणाऱ्या यंत्राकडे बघून म्हणाला, "बाबा, पुढं खडक हाय, उजवीकडं घ्या."

तुम्ही म्हणालात, "माजं आंग सांगतं, वाट हीच हाय."

होडी फुटली. गावात तुम्ही सांगितलंत, पोराने यंत्र चुकीचं लावलं. दादा सालवडला राहायला गेला, त्याला तीन वर्षं झाली. यंत्र बरोबर होतं. मी पाहिलं होतं. बोलले नाही, कारण मला तुमच्याकडून विमान शिकायची परवानगी हवी होती.

काल सरांना फटीचं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण परीक्षा तीन महिने पुढे ढकलली. कारखान्याच्या साहेबांनी शनिवारची सुट्टी याच महिन्यापुरती दिली आहे. पुढचं ठाऊक नाही. याच खोलीत जन्म जाईल, अशी फार भीती वाटते मला. तरी सांगितलं ते बरं झालं.

पंचवीस तारखेला सुट्टी आहे, घरी येते. बंदरावर सगळ्यांसमोर सांगणार आहे की दादाची चूक नव्हती. त्याआधी तुम्ही सालवडला जाऊन त्याला घेऊन आलात, तर मला तोंड उघडावं लागणार नाही. तो सातनंतर घरी असतो.

तुमच्याइतकीच गप्प राहिलेली,
स्नेहल